बाद झालेली मतपत्रिका

आमच्या कॉलनीत अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून एकदा मतदान झालं, आणि त्याचा केंद्राध्यक्ष मी होतो. हसा खुशाल. तेव्हा आम्हीही हसलोच होतो. अकरा म्हातारी माणसं, सोनपापडीचा एक रिकामा डबा आणि कूलरच्या खोक्याचा आडोसा, एवढ्यात सगळं उरकलं. पण त्या दिवसापासून माझं घर जे गप्प झालं, ते झालंच.

आधी माझं सांगतो. मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीतून रिटायर झालेला कारकून. बायको जाऊन चार वर्षं झाली. पोरगा अमेरिकेत, दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करतो. गोळ्या घेता का, पाणी भरपूर पिता का, थंडी पडली का, एवढं विचारून होतं. मी तिथल्या निवडणुकीचं काढलं की म्हणतो, "बाबा, तो विषय नको." मग मी म्हणतो, बरं. मग तोही म्हणतो, बरं. असे दोन-तीन बरं झाले की फोन ठेवतो. रविवारचे पुढचे सगळे तास मग माझेच.

माझ्या कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. तिच्या पलीकडे माझा मित्र राहतो. मित्र म्हणजे काय, एकतीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. निवडणुकीच्या ड्युटीवर बहुतेक वेळा एकाच बसमध्ये आमचा नंबर लागायचा. सावनेरकडे, खाप्याकडे, कुठकुठल्या शाळांच्या वर्गांत आम्ही सतरंजीवर झोपलो आहे. मी केंद्राध्यक्ष, तो पहिला मतदान अधिकारी. ड्युटीवर असताना राजकारणाचा शब्द काढायचा नाही, हा माझा नियम होता. मतदार आडोशामागं गेला की मी मुद्दाम खुर्ची फिरवून तिकडं पाठ करून बसायचो. तो हसायचा. "अरे बावा, त्याचा हात दिसते का तुले इथून?" मी म्हणायचो, "दिसत नसला तरी बघायचं नाही." या गोष्टीचा मला फार अभिमान होता. पुढचं वाचताना तो लक्षात ठेवा.

बायको गेली त्यानंतरच्या पंधरवड्यात एका दुपारी भिंतीवरून डबा आला. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, पाठवलेला. गोळाभात होता. त्यानंतर रोज येऊ लागला. वहिनी बोलायला फार मोकळ्या नाहीत. भिंतीपाशी येऊन गप्पा मारतील अशातल्या नाहीतच. पण डब्यात झाकणाखाली एक चिठ्ठी असायची. कॅलेंडरच्या जुन्या पानाचा तुकडा, आणि त्याची देवळात अंगारा बांधून देतात तशी पुडी, एक टोक आत खोचलेलं. 'भाऊजी, मीठ जरा जास्त झालं, सांभाळून घ्या.' 'भाऊजी, आज वांगं आहे, खाजेचा त्रास असेल तर खाऊ नका.' अशी दीड ओळ. डबा मित्रच आणून द्यायचा, आणि देतादेता चिठ्ठी उघडून वाचायचा. "काय प्रेमपत्र आलं गा आज?" म्हणत मोठ्यानं वाचायचा. आतून वहिनींचा आवाज यायचा, "तुमचं आपलं काहीतरीच!" मीही हसायचो. चार वर्षं माझ्या दिवसातलं तेवढंच हसणं होतं.

दहा वाजता पेपरची अदलाबदल व्हायची. माझ्याकडे मराठी यायचा, त्याच्याकडे हिंदी. दोघांचा वाचून झाला की भिंतीवरून इकडचा तिकडं. आणि मग वाद.

त्या वर्षी वादाला विषय मिळाला तो साता समुद्रापलीकडचा. तिथला तो उमेदवार. नाव घेत नाही, गरजही नाही. अर्धा देश त्याला डोक्यावर घेऊन नाचतो आणि उरलेल्या अर्ध्याला त्याचं नाव काढलं की ताप येतो, असा माणूस. मित्राला तो भारी आवडायचा. "अरे, मोडलेलं घर सरळ करायले एक खमक्या माणूस लागते," तो म्हणायचा. "गोड बोलून बोलूनच तर वाट लागली त्या देशाची. हाच जोडते की नाही पाह्य तू."

"ज्यानं तोडलं तो जोडणार कसा?" मी म्हणायचो. "तोडणाऱ्याच्या हातून जोडलं जात नाही. जोडायला गेला तरी कोणी विश्वास ठेवत नाही."

"काहून नाही ठेवत?"

"नाही ठेवत म्हणजे नाही ठेवत."

हे रोज. आमच्या दोघांच्या मताला त्या देशात कुत्रं विचारत नव्हतं. पण घसा कोरडा होईस्तोवर भांडायचो. खरं सांगतो, मला त्या उमेदवाराचं सोयर होतं ना सुतक. भांडण संपलं की मला आत जाऊन रिकाम्या घरात बसावं लागायचं, म्हणून मी भांडण लांबवायचो.

मित्र एक गोष्ट नेहमी सांगायचा. त्याची लेक तिथंच आहे, नवऱ्यासोबत. "माह्या पोरीचा रोज फोन येते," तो म्हणायचा, "तिथली खरी हकिकत तिच्याकडून समजते मले. तुह्या टीव्हीवरची नाही." माझा पोरगा विषय नको म्हणतो आणि याची पोर रोज बोलते, हे मला टोचायचं. अगदी आतून टोचायचं.

कॉलनीच्या बगिच्यात संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण जमतो. जवळपास प्रत्येकाचं कोणी ना कोणी बाहेर गेलेलं. भाऊबीज झाली आणि तिथंही हा वाद पेटला. दोन गट पडले. एक रिटायर मास्तर म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं इलेक्शनची ड्युटी केलेले लोक. घ्या ना मतदान, एकदाचं मिटवा." झालं! आम्हा दोघांना असं स्फुरण चढलं की विचारू नका. आयुष्यभर जे काम करताना वैतागलो, तेच परत करायला मिळतंय म्हणून दोघं पोरांसारखे कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच अंगणात मांडामांड केली. नवीन कूलरचं खोकं मधून कापून आडोसा केला. सोनपापडीच्या डब्याला झाकणावर फट पाडली, तो रिकामा आहे असं सर्वांना उलटा करून दाखवला, मग दोऱ्यानं बांधून वर लाख म्हणून मेणबत्तीचं मेण ठिबकवलं. मित्रानं यादी केली, नावापुढं सही घेतली, बोटाला मार्करनं शाई लावली. मतपत्रिका मी लिहिल्या. प्रश्न एकच: 'हा माणूस निवडून आला तर तो देश जोडू शकेल काय?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मास्तरांच्या बायकोनं चिवडा आणला. वहिनीही आल्या, पदर खांद्यावरून घेऊन, सगळ्यांत मागं उभ्या. मित्र ओरडला, "आमच्या घरची दोन मतं हो मध्येच धरून टाका गा, मोजायची गरज नाही!" सगळे हसले. वहिनी आडोशामागं गेल्या. मी सवयीनं पाठ फिरवली. त्यांना जरा वेळ लागला. मास्तर म्हणाले, "वहिनी, चौकोनात फक्त फुली मारायची आहे, अर्ज नाही लिहायचा!" तेव्हाही हसले सगळे.

मग मोजणी. मी एकेक मतपत्रिका काढायची, उघडून दाखवायची, मित्रानं वहीत रेघ मारायची. पाच हो झाले. पाच नाही झाले. डब्यात एक उरली.

मी हात घातला आणि बोटांना ती लागली. चौकोनी घडी नव्हती. पुडी होती. एक टोक आत खोचलेलं.

इथवर मी ही हकिकत मनातल्या मनात शंभरदा सांगितली असेल. आणि दर वेळी इथं आलो की स्वतःशी खोटं बोललो. मी म्हणायचो, मला काय माहीत कोणाची आहे ती? मी आपला नियमानं चाललो. पण मला माहीत होतं. बोट लागल्याबरोबर माहीत होतं. चार वर्षं रोज ती पुडी मी उघडली होती.

उघडली. एकाही चौकोनात फुली नव्हती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'याच्यापायी बाप लेकीशी अडीच महिन्यांपासून बोलला नाही. देशाचं राहू द्या.'

मित्राचं लक्ष वहीत होतं. पेन टेकवून म्हणाला, "बोल ना बे. हो का नाही?"

थांबायला वेळ होता. भरपूर होता. 'कोरी निघाली' म्हटलं असतं तर संपलं असतं. खिशात टाकली असती तरी कोणी विचारलं नसतं. पण माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आलं असं, की म्हणजे हा खोटं बोलत होता. रोज फोन येते म्हणून मला ऐकवत होता, आणि अडीच महिने हा पोरीशी बोललेला नाही. आणि दुसरं आलं, की वाद मी जिंकलो.

मी घसा खाकरला. "ही मतपत्रिका बाद," मी म्हणालो. "मतदाराची ओळख पटेल असा मजकूर आहे. बाद काहून केली ते प्रतिनिधींना कळलं पाहिजे, नियम आहे." आणि वाचली. मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तशी, खडा आवाज काढून.

नियम मतपत्रिकेवरचा मजकूर नुसता दाखवायचा होता. वाचायचा नव्हता. तीस वर्षांत मी एकदाही कोणाची मतपत्रिका वाचून दाखवली नाही, आणि दाखवली ती हीच.

कोणी हसलं नाही. चिवडा खाणाऱ्या मास्तरांचं तोंड तसंच थांबलं. मित्रानं पेनाचं टोपण लावलं, वही मिटली, टेबलावर नीट ठेवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फाटक उघडून गेला. वहिनी थोडा वेळ उभ्या होत्या. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं वाटलं असतं. तसं काही नव्हतं त्या बघण्यात. मग त्याही गेल्या.

त्या दुपारी डबा आला नाही. आदल्या दिवशीचा डबा माझ्याकडेच होता, धुऊन पालथा घातलेला. वहिनींचा डबा मी कधी रिकामा परत केला नव्हता, दोन संत्री नाहीतर मूठभर साखर तरी घालायचो. आता त्यात काय घालून पाठवायचं, हेच मला समजेना. तो तसाच ओट्यावर राहिला.

दहा वाजता मी पेपर घेऊन भिंतीपाशी उभा राहायचो. पलीकडे तो खुर्चीत बसलेला दिसायचा, पाठ माझ्याकडे. त्यानं मराठी पेपर स्वतःचा वेगळा लावून घेतला. मला पेपरवाल्याकडून कळलं. आणखी दोन दिवसांनी मी भिंतीपाशी जाणं सोडलं.

तिकडचा निकाल आपल्याकडे सकाळी लागत होता. मी टीव्ही लावून बसलो. भिंतीपलीकडेही तेच चॅनल लागलं होतं. त्याच्या टीव्हीला आवाज आधी यायचा आणि माझ्या टीव्हीला दोन सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक बातमी मला आधी त्याच्या घरातून कळायची आणि मग माझ्या घरात. पूर्वी असं असतं तर तो ओरडला असता, "पाह्यलं का गा!" त्याचाच माणूस निवडून आला. मी वाट पाहिली. म्हटलं, आता तरी चिडवायला येईल. एक शिवी तरी हासडेल भिंतीवरून. त्यानं टीव्ही बंद केला. माझा मात्र चालू राहिला. पडद्यावर सगळे देश जोडण्याच्या गोष्टी बोलत होते, जिंकलेलेही आणि हरलेलेही. मी वरणभाताचा कुकर लावला. दोन शिट्ट्यांनी बंद करायचा होता, पाच होऊन गेल्या.

रविवारी पोराचा फोन आला. मी त्याला विचारलं, "तू माझ्याशी त्या निवडणुकीवर काहून बोलत नाहीस रे?" तो म्हणाला, "बाबा, इथं माझे दोन मित्र तुटले त्याच्यापायी. तुमच्याशी कुठं भांडू?" मी म्हटलं, थंडी पडली का तिकडं?

बगिच्यात जाणं मी कमी केलं. माझ्यावर कोणी रागावलं नव्हतं, पण मी बसलो की बोलणं जपून व्हायचं. मास्तर एकदा म्हणाले, "तुमच्यासमोर बोलायले भीती वाटते बुवा, तुम्ही वाचून दाखवाल." थट्टेतच म्हणाले. मी हसलो. घरी येऊन मात्र बायकोच्या फोटोसमोर बसून मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पंधरवड्यानं आपल्या इथलं मतदान होतं. शाळेत रांग लागली होती. मित्र माझ्यापुढं दोन माणसं सोडून उभा होता. मान मागून पाहिली तर केस फार वाढले होते. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच न्हाव्याकडं जायचो. आतल्या पोरसवदा अधिकाऱ्यानं शाई लावायला त्याचं बोट धरलं तेव्हा त्याच्या नखावर मार्करचा डाग अजून होता, जरा वर सरकलेला. माझ्याही होता. बाहेर आल्यावर मी हाक मारली. तो थांबला नाही. ऐकू आलं असणार, कारण त्यानं चाल वाढवली.

डिसेंबरात एका सकाळी त्यांच्या फाटकाशी टॅक्सी उभी राहिली. वहिनी दोन बॅगा घेऊन निघाल्या होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून तिच्याकडे चालल्या होत्या. हे मला नंतर मास्तरांच्या बायकोनं सांगितलं. मित्र त्यांच्यासोबत निघाला नव्हता. बॅगा ठेवून झाल्यावर तो हात मागं बांधून उभा राहिला. वहिनींनी माझ्या घराकडे पाहिलं. मी पडद्यामागं होतो. मी बाहेर जायला पाहिजे होतं. गेलो नाही.

त्यानंतर दोन घरांत दोन म्हातारे, मधात एक भिंत. त्याच्याकडून फोडणीचा वास येणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी मी त्याला बेकरीतून ब्रेडचं पाकीट घेऊन येताना पाहिलं. चौथ्या दिवशी पुन्हा. हा माणूस भात नसेल तर पोट भरलं नाही म्हणणारा. माझ्यानं राहवलं नाही. मी खिचडी टाकली, दोघांची. ओट्यावरचा तो डबा घेतला, भरला, आणि भिंतीवर न ठेवता रस्त्यानं फिरून त्याच्या फाटकाशी गेलो.

तो वऱ्हांड्यात होता. मी म्हणालो, "चुकलं माझं."

त्यानं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"खरंच चुकलं गा. ते विसर. आपण आधीसारखं..."

तेव्हा तो बोलला. सव्वा महिन्यानं त्याचा आवाज ऐकला मी. "तूच म्हणत होता ना," तो म्हणाला, "तोडणाऱ्याच्या हातून जोडलं जात नाही? रोज म्हणत होता. मग आता काहून आला?"

माझ्या हातात गरम डबा होता. एवढे महिने त्या परक्या माणसावर मी जे फेकत होतो ते माझंच निघालं. मी डबा वऱ्हांड्याच्या कठड्यावर ठेवला आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भिंतीवर होता. रिकामा. मी हात घालून पाहिलं, चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मी पुन्हा खिचडी टाकली, पुन्हा भिंतीवर ठेवली. असं आठ-दहा दिवस चाललं. डबा जायचा, रिकामा यायचा. बोलणं नाही. माझी खिचडी कधी लागायची, कधी कच्ची राहायची, त्यावर टोमणासुद्धा नाही. पूर्वी त्यानं माझी सात पिढ्यांची इज्जत काढली असती.

मग एका सकाळी फोन वाजला. वहिनी होत्या. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता. नातू झाल्याचं सांगितलं. मी अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे जेवतात का?"

"जेवतो. माझ्या हातचं जेवतो बिचारा. डबा रिकामा येते."

"धुऊन येते का?"

मी पाहिलं. डबा समोरच होता. धुतलेला होता, पण झाकणाच्या कडेला भांडी घासायची पावडर पांढरी पांढरी तशीच राहिली होती. "येते," मी म्हटलं.

"लग्न झाल्यापासून यांनी कपबशी विसळली नाही, भाऊजी." मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, आता बोलायचं नाही तर कधी?

"वहिनी," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं. त्या दिवशी ती पुडी तुमची आहे हे मला माहीत होतं. हात लागला तेव्हाच माहीत होतं. नियमाचं मी खोटं बोललो."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"म्हणून तर तशी घातली होती पुडी. तुम्ही ओळखाल म्हणून." आवाजात राग नव्हता, वहिनींना रागावताच येत नाही. "हे चोवीस तास घरात. डब्यातली चिठ्ठी हेच आधी वाचत. तुमच्याशी एकटीनं बोलू कुठं? म्हटलं, या घरातून भाऊजींच्या हातात बंद जाईल अशी ही मतपत्रिकाच आहे. तुम्ही ओळखाल, बाजूला ठेवाल, आणि मग कधी भिंतीपाशी एकट्यात यांना समजावाल. तुमचंच ऐकतात हो ते. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकत."

मग त्या म्हणाल्या, बाळ रडून राहिलं आहे, ठेवते.

मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही. दहाच्या सुमाराला उठलो, मराठी पेपर घेतला आणि भिंतीपाशी गेलो. तो खुर्चीत होता, पाठ माझ्याकडे.

"वळू नको," मी म्हणालो. "फक्त ऐक. तुह्या बायकोनं मले एक काम सांगितलं होतं. एकट्यात सांगायचं होतं, मी चारचौघांत वाचलं. आता सांगतो. लेकीशी बोल गा. एवढंच होतं ते."

मग खुर्ची कुरकुरली. तो उठून भिंतीपाशी आला. दाढी वाढली होती. डोळे लाल होते.

"हे तू तवाच असं सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर मी त्याच दिवशी लावला असता फोन."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्यानं माझ्या हातातला पेपर घेतला, तोही न पाहता, आणि आत गेला.

थोड्या वेळानं त्यांच्या बैठकीच्या खिडकीतून आवाज आला. फोनवर बोलताना तो नेहमी ओरडतो, तिकडं अमेरिकेपर्यंत असाच जाईल म्हणून. पहिला शब्द मला ऐकू आला: "कोण, बाई का?" लेकीला तो बाई म्हणतो. मी घाईघाईनं आत आलो. खिडक्या लावल्या, टीव्ही मोठ्यानं लावला आणि खुर्ची फिरवून, त्या भिंतीकडे पाठ करून बसून राहिलो.